सेव्हिल: नदीचा कोणता काठ?
स्पेनमधल्या सेव्हिल शहरात राहणाऱ्या मैत्रिणीला एकच दिवस सुट्टी असेल, तर तो तिच्यासोबत कॅथेड्रल आणि अल्काझार राजवाड्याच्या परिसरात घालवावा की ग्वादल्किवीर नदी ओलांडून त्रियाना या वस्तीत, हा प्रश्न पडतोच. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या पहिल्या बाजूचे वैभव वादातीत आहे. एके काळी मशिदीचा मिनार असलेल्या हिराल्दा या कॅथेड्रलच्या घंटाघरावर तर पायऱ्यांऐवजी उताराच्या वाटेने चढत जावे लागते, आणि बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ती तशी बांधली, असे सांगतात. मात्र तिथल्या रांगेत मैत्रीण असून नसल्यासारखीच, कारण एवढी माहिती कोणताही वाटाड्या देतो.

त्रियानाचे तसे नाही. १८५२ च्या लोखंडी पुलापलीकडचा बाजार ज्या सान होर्हे किल्ल्याच्या अवशेषांवर उभा आहे, तिथे इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचे, ठाणे होते, हे मासळीच्या गाळ्यांमधून फिरताना कुणी सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. जिरे घातलेली पालक-छोल्यांची भाजी (मराठी जिभेला ती मुळीच परकी वाटत नाही) कोणत्या बारमध्ये उभ्याने खावी, हेही तिथल्या माणसालाच ठाऊक. फक्त जेवायला दुपारचे दोन वाजून जातील, याची तयारी ठेवावी. म्हणून माझे मत त्रियानाला. अल्काझार दुसऱ्या दिवशी एकट्यानेही निवांत पाहता येतो.