जंगलात घालायची ‘शुद्ध कॉटन’ पँट: गंडा कसा घालतात आणि माल तपासायचा कसा

मार्च सरत आला की आमच्या विदर्भातल्या आठवडी बाजारांत आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत एकच माल दिसू लागतो. कुठे त्याला ‘हंटिंग पँट’ म्हणतात, कुठे ‘आर्मी पँट’, कुठे नुसतं ‘जंगल पँट’. शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, म्हणजे ‘हंटिंग’ हे नाव फक्त विकण्यापुरतं. घेणारे असतात मोहफुलं वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, जाळरेषेवरचे (वणवा अडवायला जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवरचे) मजूर, हंगामी वनमजूर, सफारीवरचे गाईड आणि बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला मचाणावर बसणारे हौशी लोक. यातल्या बहुतेकांना ती पँट 45 अंशांच्या उन्हात दिवसभर अंगावर ठेवायची असते. म्हणूनच ही फसवणूक पैशांपुरती राहत नाही.

दुकानावर होतं ते असं. पँट हातात घेतली की जाड आणि भरीव लागते. विकणारा सांगतो, “भाऊ, प्युअर कॉटन आहे, जाळून दाखवतो.” तो पायाच्या दुमडीतून दोरा ओढतो आणि काडी लावतो. दोरा कागदासारखा भुरुभुरु जळतो, मऊ राख होते. बघणाऱ्याची खात्री पटते. पण जळला तो शिलाईचा दोरा, कापडाचा नव्हे. दुमडीत मुद्दाम लोंबता ठेवलेला सुती दोरा असतो, किंवा दुकानदाराच्या खिशातून निघालेली त्याच रंगाची सुती चिंधी असते. पँटचं कापड पॉलिएस्टर निघतं. दोन धुण्यांत ते विरविरीत होतं, घाम आतच कोंडतो आणि आठवड्याभरात जांघेत खाज सुरू होते. नायट्याचं औषध पँटपेक्षा महाग पडतं.

म्हणून पहिली गोष्ट: जाळायचा दोरा आपण काढायचा, तोही कापडातून. खिशाच्या आत किंवा कमरपट्टीच्या आतल्या बाजूला कापडाची कच्ची कड असते. तिथून एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे सुईने ओढा. दोन्ही वेगवेगळे जाळा. हे दोन्ही का, तर पुष्कळ कापडांत ताणा पॉलिएस्टरचा आणि बाणा सुताचा असतो. एकच धागा जाळला आणि तो नेमका सुती निघाला, की फसलात. सुती धागा ज्योतीत पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा, कडक मणी राहतो, नखानेही फुटत नाही. एकाच धाग्यात दोन्ही मिसळलं असेल तर तो जळतो, पण राखेत बारीक कडक खडे लागतात. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा, तेही सुतासारखंच जळतं. ते ओळखायचं तर धागा ओला करून ताणा. सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, व्हिस्कोस पटकन तुटतं. घामाने भिजलेल्या, गुडघ्यावर ताण पडणाऱ्या पँटला व्हिस्कोस चालणारच नाही.

दुसरी लबाडी खळीची. पातळ, विरळ विणीच्या कापडात भरपूर खळ भरली की ते जाड आणि कडक वाटतं. पहिल्या धुण्यात खळ निघते आणि हातात जाळी उरते. दुकानात कापड दोन्ही मुठींत धरून जोराने चोळा आणि काळ्या मोबाईलवर झटका. पांढरी भुकटी पडली तर माल परत ठेवा. घरी जखमेचं पोव्हिडोन आयोडीन असेल तर त्याचा एक थेंब आतल्या शिलाईवर टाका. खळ असेल तर डाग निळा-काळा होतो, नसेल तर तपकिरीच राहतो. पँट आल्याच दिवशी, परत करण्याची मुदत असतानाच हे करायचं.

वजनावरून बरंच कळतं. गावात सोनाराकडे काटा असतोच. 10 सेंमी बाय 10 सेंमी तुकड्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले 100 केलं की कापडाचं जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन मिळतं. 1.6 ग्रॅम भरलं तर 160. आपल्याकडच्या उन्हाळ्याला आणि बोराटीच्या काट्यांना 150 ते 190 हा पट्टा योग्य. 120 च्या खालचं कापड हवेशीर लागतं खरं, पण बोराटीतून एकदा गेलं की मांडीवर ओरखडे. 220 च्या वरचं कापड दुपारी नको होतं. शिवलेल्या पँटचा तुकडा कापता येत नाही, तेव्हा अख्खी पँट तोला. कमर 34 ची, 160-170 जीएसएमची पँट चेन-बटणांसह साधारण 300 ते 350 ग्रॅमच्या आसपास भरते. ‘हलकी’ म्हणून विकलेली पँट 500 ग्रॅम भरली तर ती हलकी नाही, एवढं साधं आहे.

जाहिरातीतल्या ‘रिपस्टॉप’ शब्दावर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. खऱ्या रिपस्टॉपमध्ये दर 5 ते 8 मिलिमीटरवर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे फाटलं तर फाट त्या चौकडीत थांबते. नकली मालावर चौकडी छापलेली असते. पँट उलटी करा. आतून चौकडी दिसली आणि नखाला उंचवटा लागला तर खरी.

‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात त्या पँटला आतून पातळ थर दिलेला असतो. कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. हवा पलीकडे गेली नाही तर मे महिन्यात ती पँट म्हणजे अंगाला गुंडाळलेली ताडपत्रीच. थेंब मुरला की सूत, असं पाणी टाकून बघायची पद्धतही आता पुरेशी राहिलेली नाही. पॉलिएस्टरवर रसायन मारून थेंब पसरवता येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड वाईटच असतं असं नाही. 65 टक्के पॉलिएस्टर आणि 35 टक्के सूत असलेलं कापड टिकतं, लवकर वाळतं, आक्रसत नाही, पावसाळ्यात तर तेच बरं. पण विदर्भाचा उन्हाळा कोरडा. घाम सुतात मुरतो, सावकाश उडतो आणि तेवढा वेळ कातडीला गारवा मिळतो. पॉलिएस्टर ओलावा धरतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यात चूल, जाळरेषा आणि मोहाच्या झाडाखाली पेटवलेला पालापाचोळा यांच्याजवळ जायचं असेल तर जपायलाच हवं. ठिणगी पडली की सुताला भोक पडतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. मिश्र कापड मिश्र म्हणून, मिश्रच्या भावात विका, कोणाची हरकत नाही. ‘शुद्ध कॉटन’ची चिठ्ठी लावून विकणं ही लूट आहे.

‘आर्मीचा माल’ हे आणखी एक आमिष. भारतीय सैन्याने जानेवारी 2022 मध्ये डिजिटल नक्षीचा नवा गणवेश आणला आणि त्या नक्षीची नोंदणीही केली. तो सैन्याबाहेर विकायला परवानगी नाही, तेव्हा बाजारात टांगलेला चट्टेरी माल सैन्याचा नसतोच. शिवाय गडचिरोलीच्या जंगलात चट्टेरी किंवा गडद ऑलिव्ह हिरवी पँट घालून फिरणं कोणत्याच बाजूने सुरक्षित नाही. फिका खाकी किंवा मातकट रंग घ्या. काळा आणि गडद निळा उन्हात तापतो, डासांनाही ओढतो.

शिलाईकडे लोक बघतच नाहीत आणि पँट तिथूनच जाते. आसनाच्या जागी चार शिलाया एकाच ठिकाणी मिळत असतील तर उकिडवं बसताना तिथेच उसवणार. तिथे वेगळा चौकोनी तुकडा म्हणजे मियानी हवी आणि दुहेरी टीप हवी. एका इंचात 8 ते 10 टाके मोजा. 5-6 असतील तर ती शिलाई हंगाम काढत नाही. सुती पँट आधी आक्रसवलेली नसेल तर धुतल्यावर 3 ते 5 टक्के आखडते. 30 इंचांच्या आतल्या लांबीतून एक ते दीड इंच जातो, मग पायाची घडी वर सरकते आणि गोचीड नेमका तिथून शिरतो.

हे सगळं टाळायचं तर सरळ रस्ता एकच, गावच्या शिंप्याकडे शिवून घेणं. 58 इंच पन्ह्याचं सुती पॉपलिन किंवा हलकं ट्विल सव्वा मीटर पुरतं, उंच माणसाला दीड. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या. मियानी, गुडघ्याला दुहेरी कापड आणि खालच्या दुमडीत दीड इंच जादा ठेवायला सांगा.

ऑनलाइन घेतलीच, तर पार्सल फोडताना सुरुवातीपासून अखंड व्हिडिओ काढा, वरचा पत्त्याचा कागद त्यात दिसू द्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच ठेवा, नंतर ते पान गायब होतं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निपटारा महिन्याभरात व्हायला हवा. दाद मिळाली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन मालच पाठवला नसेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. बाजारातल्या माणसाकडून घेताना मात्र पावती मागा आणि तिच्यावर ‘100 टक्के कॉटन’ असं त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला तो कां-कूं करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.