सुटी हाडे, जोडलेला सापळा की ॲप?

शरीरातली हाडे शिकताना हातात हाड देऊन ‘कोणते आणि कुठल्या बाजूचे?’ असे विचारले जाणार असेल, तर सुट्या हाडांचा संच घ्या. फिजिओथेरपी, योग किंवा चित्रकलेसाठी शिकत असाल, तर जोडलेला सापळा जास्त कामाचा. ॲप दोघांनाही सोबतीला हवे. नुसत्या ॲपवर हाडे पक्की होत नाहीत.

सुट्या संचाची किंमत बाजू ओळखताना कळते. फिब्युलाच बघा, नडगीच्या बाहेरच्या बाजूचे, भल्याभल्यांना चकवणारे हाड. खालचे टोक चपटे आणि टोकदार असते. त्याच्या आतल्या अंगाला टॅलसला (घोट्यातल्या हाडाला) टेकणारा गुळगुळीत त्रिकोणी भाग आणि त्याच्या लगेच मागे एक खळगा. टोक खाली, गुळगुळीत भाग आत, खळगा मागे असे धरून हाड स्वतःच्या पायांशी लावून पाहा. ज्या पायाशी जुळेल, त्या बाजूचे. अर्ध्या संचात हातापायांची एकाच बाजूची हाडे येतात. नावे आणि खुणा शिकायला तेवढी पुरतात, पण बाजू ओळखण्याचा सराव होत नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक असते. निदान फिब्युला आणि क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडाची) जोडी मिळवाच.

प्लॅस्टिकचा संच घेताना दोन जागा तपासा: मानेच्या मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांतली (बाजूंना निघालेल्या फाट्यांतली) छिद्रे आणि फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्यावरचा छोटा खळगा. हलक्या साच्यात हेच तपशील बुजतात, आणि मानेचा मणका ओळखायची मुख्य खूण तर ती छिद्रेच.

सांध्यांचे गणित वेगळे. खांद्याची वाटी किती उथळ आणि खुब्याची किती खोल, हे सुट्या हाडांत स्वच्छ दिसते. पण कूर्चा, लिगामेंट (हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे) आणि गुडघ्यातल्या गाद्या नसल्याने फीमर टिबियावर (नडगीच्या हाडावर) टिकतो कसा, ते उमगत नाही. जोडलेल्या सापळ्यात हाडांचा परस्परसंबंध नीट दिसतो. हालचालीवर मात्र भरवसा ठेवू नका. स्क्रू-स्प्रिंगचा गुडघा बहुधा बिजागरीसारखा फक्त वाकतो, वाकलेल्या गुडघ्यात होणारे थोडे फिरणे त्यात नसते. मनगटाची 8 हाडे तारेत ओवलेली असल्याने त्यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग झाकले जातात. सुमारे 85 सेंटिमीटरचा छोटा सापळा टाळा. बारीक खुणा त्यात जवळजवळ नसतातच.

लिगामेंटचे थर एकेक करून काढून पाहायला ॲपइतके सोयीचे काही नाही. अडचण मापाची: मनगटातले वाटाण्याएवढे पिसिफॉर्म आणि फीमरचे डोके पडद्यावर सारखेच मोठे दिसतात. नावे झाकून सराव करा, नाहीतर हाडाऐवजी पाटी वाचण्याची सवय लागते.

यांपैकी काहीही घेतले, तरी प्रत्येक खूण स्वतःच्या अंगावर चाचपा. मनगटाच्या दोन्ही कडांना बोटे लावा: अंगठ्याकडचे रेडियसचे टोक करंगळीकडच्या अल्नाच्या टोकापेक्षा साधारण 1 सेंटिमीटर खाली, म्हणजे बोटांच्या दिशेने, लागते.