डेलावेअर नदीवर हवा भरायची कयाक आणि ट्यूब: एका मोसमाच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात बहुधा तीन पिढ्या एकत्र असतात, आणि लहान मुलांबरोबर भारतातून आलेले आई-वडीलही रमतील अशी सहल शोधावी लागते. डेलावेअर वॉटर गॅपच्या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातला नदीचा संथ पट्टा त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. मे महिन्यात आम्ही हवा भरायची दोन आसनांची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, आणि मुलांसाठी ट्यूब, म्हणजे बसून तरंगायची हवेची मोठी कडी, घेतल्या. ऑक्टोबरपर्यंतच्या वापरानंतर माझे स्पष्ट मत आहे की कुटुंबाने खर्च कयाकवर करावा आणि ट्यूबला दुय्यम स्थान द्यावे.

ट्यूब प्रवाह नेईल तिकडे जाते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी इतके मंद होते की दुपारी समोरून वारा सुटला की ती जवळजवळ जागीच थांबते, आणि कंटाळलेल्या मुलाला काठावर आणणेही कठीण होते. म्हणून आम्ही ट्यूब दोरीने कयाकला बांधून न नेता, जेवणासाठी थांबतो त्या गोट्यांच्या उथळ काठाजवळच वापरतो. पाण्यात लोंबणारी दोरी खडकात अडकण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता. कयाक मात्र वल्ह्याने वळवता येते, वाऱ्याविरुद्ध नेता येते आणि हवी तेव्हा काठाला लावता येते.

नदीच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, परंतु उगमाकडे न्यूयॉर्क शहराचे कॅनन्सव्हिल, पेपॅक्टन आणि नेव्हरसिंक हे जलाशय आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालानुसार या पट्ट्याच्या वरच्या बाजूला मॉन्टेग येथे 1,750 क्युसेक (सेकंदाला घनफूट) प्रवाह टिकेल अशा बेताने शहराला विसर्ग करावा लागतो, आणि ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांतही इथे बोट तरंगते त्यामागे ही व्यवस्था आहे. मॉन्टेगच्या प्रवाहमापकाचे आकडे इंटरनेटवर सतत उपलब्ध असतात. ते आणि वाऱ्याचा अंदाज पाहिल्याशिवाय आम्ही घर सोडत नाही. वरच्या भागात जोरदार पाऊस होऊन पाणी गढूळ आणि वेगवान झाले असेल, तर सहल रद्द करणे हाच एकमेव निर्णय योग्य असतो.

बोटीबद्दल सांगायचे तर तिचा ड्रॉप-स्टिच पद्धतीचा (दोन थर आतून असंख्य धाग्यांनी जोडलेला) कडक तळ उत्तम निघाला, कारण बसल्यावर तो खचत नाही. उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि थंड पाण्यात आकुंचन पावते, त्यामुळे काठावर बेताची हवा भरून बोट पाण्यात थोडा वेळ ठेवावी आणि मगच छापील दाबापर्यंत पुन्हा पंप मारावा. तळाच्या फिनमुळे, म्हणजे खाली पाण्यात राहणाऱ्या उभ्या पात्यामुळे, बोट सरळ जाते, पण उथळ खळाळात ती गोट्यांना घासते. अशा जागी आम्ही उतरून बोट ओढत नेतो. बाजूच्या एका व्हॉल्व्हमधून जुलैपासून हवा हळूहळू निघू लागली आणि विक्रेत्याकडून बदली भाग मिळायला फार वेळ लागला, ही माझी खरी तक्रार आहे. आईला मात्र खाली बसण्याचा त्रास झाला. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी आसन फारच बुटके आहे, आणि त्याहून कठीण ते उतरताना उठणे. दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागतो.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांत 12 वर्षांपर्यंतच्या मुलांनी चालत्या कयाकमध्ये ते घालणे बंधनकारक आहे, पण आमच्याकडे पोहणारे मोठेही ते घालतात, कारण इथे बुडालेल्या बहुतेकांच्या अंगावर नीट बांधलेले जॅकेट नव्हते. पायांत चपला नकोत, घट्ट बसणारे जुने बूट हवेत. आणि वाहत्या पाण्यात पडल्यास लगेच उभे राहू नये, कारण पाय खडकांत अडकू शकतो.

डिंगमन्स फेरी ते बुशकिल या बोट उतरवायच्या जागांमधले साधारण 10-11 मैलांचे अंतर मुलांसह एका दिवसात जास्त होते. आजी-आजोबा बरोबर असतील तर मधल्या एश्बॅकपासून बुशकिलपर्यंत जावे. दोन गाड्या असल्यास एक आधीच बुशकिलला लावून ठेवता येते. वाटेत थांबून तिखटमिठाच्या पुऱ्या खायलाही निवांत वेळ उरतो. घरी आल्यावर बोट पूर्ण वाळवूनच घडी घालावी, नाहीतर शिवणींत बुरशी धरते. पुढच्या मे महिन्याआधी आम्ही उंच आसनाची आणखी एक कयाक घेणार आहोत. ट्यूब वाढवणार नाही.