लाखाची थकबाकी: ईएमआय, पर्सनल लोन की सोनेतारण?

क्रेडिट कार्डाचं बिल एक लाख, खात्यात तेवढे पैसे नाहीत आणि स्टेटमेंटवर ‘किमान देय रक्कम ५,००० रुपये’. तेवढे भरून महिना ढकलावा असं कुणालाही वाटेल. पण हिशेब मांडून बघा. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. पाच हजारांतले ४,१३० तिथेच गेले, मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी. शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही गेली. आता किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज. या दराला कायद्याने लगाम बसेल म्हणून थांबू नका. तीस टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला आहे.

एखादी एफडी असेल, तर पुढचं वाचण्याआधी ती मोडा. सात टक्के मिळवत वर्षाला बेचाळीस टक्के भरण्याला काही अर्थ नाही.

एफडी नसेल, तर लाखभर रुपये बारा महिन्यांत फेडायचे असं धरू. खालचे दर नमुन्यादाखल घेतले आहेत, तुमच्या बँकेचे वेगळे असतील.

कार्डाच्याच बँकेकडून थकबाकीचे ईएमआय करून घेणं सर्वांत सोपं. कागदपत्रं नाहीत, काम ॲपवरच होतं. सोळा टक्क्यांनी व्याज साधारण ८,९०० रुपये. पण कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो, ते १,६०० धरून साडेदहा हजार, वर प्रोसेसिंग शुल्क.

पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नाही, हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. चौदा टक्क्यांनी व्याज ७,७५० च्या आसपास. दोन टक्के प्रोसेसिंग शुल्क, त्यावरचा जीएसटी धरून २,३६०. म्हणजे एकूण दहा हजार शंभर. थोडक्यात, या दोघांत दरापेक्षा शुल्क विचारून निवड करा. आणि हप्ता हलका वाटतो म्हणून तीन वर्षांची मुदत घेऊ नका, तेच व्याज २३,००० रुपयांवर जातं.

सोनेतारण कर्ज आकड्यांत सरळ जिंकतं. दहा टक्क्यांनी, दरमहा हप्त्याने फेडलं तर व्याज साडेपाच हजार. मात्र वर्षअखेरीस एकरकमी फेडायचं ठरवलं तर तेच दहा हजार होतं, म्हणून हप्त्याची सोय असलेलीच योजना मागा. आणि आकड्यांपलीकडचं एक मला महत्त्वाचं वाटतं. घरातलं सोनं बहुतेक वेळा बायकोचं किंवा आईचं असतं. त्या पाटल्या गहाण ठेवायच्या, तर कर्ज किती, कशामुळे झालं, हे सगळं तिच्यासमोर मांडून, तिची खरी संमती घेऊनच. हप्ते थकले तर लिलाव होतो आणि सोनं तिचं जातं. पगार नियमित असेल आणि घरात हे बोलून झालं असेल, तर मी सोनेतारणच निवडेन. नोकरीची खात्री नसेल, तर थोडं महाग पडलं तरी पर्सनल लोन बरं.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे थकबाकी कमी व्याजावर दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवणं. ही सवलत काही महिन्यांचीच असते, तेवढ्यात सगळं फिटणार असेल तरच घ्या. दुसऱ्या कार्डावरून रोख काढून पहिलं कधीच भरू नका. रोखीला शुल्कही लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. ‘सेटलमेंट’ केलीत, म्हणजे थोडी रक्कम भरून बाकीची बँकेकडून माफ करून घेतलीत, तर क्रेडिट अहवालात तशी नोंद होते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते.

पर्सनल लोन किंवा सोनेतारणाचे पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्डाची पूर्ण थकबाकी भरा. तरीही पुढच्या स्टेटमेंटवर काही रक्कम दिसेल. भरण्याच्या दिवसापर्यंत चढलेलं ते व्याज असतं. ती रक्कमही शेवटच्या रुपयापर्यंत भरा, नाहीतर बिनव्याजी मुदत परत मिळत नाही.