आजी-आजोबा गाडीत असतील तर: ग्रँड कॅनियन-पेज की झायन-ब्राइस?

दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. भारतातून आई-बाबा येणार आहेत, मुलांना सुट्टी आहे, हातात पाच-सहा दिवस आहेत, लास व्हेगासपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची गाडी. पुढचा प्रश्न ठरलेलाच: ॲरिझोनातलं ग्रँड कॅनियन करू की युटामधलं झायन-ब्राइस? आम्ही दोन्ही केलंय. पहिल्यांदा ग्रँड कॅनियन, सासू-सासऱ्यांना घेऊन, मेमध्ये. दुसऱ्यांदा युटा, आम्ही चौघंच, ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे मी आधी उलटा प्रश्न टाकते: गाडीत कोण कोण आहे, आणि सगळ्यात जास्त कुरकुरणारा गुडघा कुणाचा?

कारण दगड दोन्हीकडे त्याच कोलोरॅडो पठाराचा. फरक आहे तो तुम्ही कुठे उभे असता यात. ग्रँड कॅनियन काठावर उभं राहून खाली बघायचं. झायनमध्ये तुम्ही दरीच्या तळाशी असता आणि मान वर करून कडे बघता. ब्राइस पुन्हा वरून दिसतं, पण त्याची खरी मजा खाली उतरण्यात आहे, आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं. काठावरची दरी बाकावर बसूनही बघता येते. तळातली दरी चालल्याशिवाय हाती लागत नाही.

आधी रस्त्याचा हिशेब. लास व्हेगासहून ग्रँड कॅनियनचा साउथ रिम, म्हणजे दक्षिण काठ, सुमारे २८० मैल, साडेचार तास धरा. तिथून पेज गाव १३५ मैल, आणि पेजहून व्हेगासला परत पुन्हा २८० च्या आसपास. म्हणजे एकूण सातशे मैल. मॉन्युमेंट व्हॅली, म्हणजे वाळवंटात उभ्या लाल दगडी बुरुजांचा तो मुलूख, जोडली तर आणखी अडीचशे. दुसरीकडे व्हेगास ते झायन जेमतेम १६० मैल, पुढे ब्राइस ८५, आणि परतीचे २६०. पाचशेत काम होतं. सहा वर्षांचं मूल मागच्या सीटवरून "अजून किती?" विचारायला लागलं की हे दोनशे मैल फार लांब वाटतात. आजोबांना मात्र गाडीत बसायला काही वाटत नाही. माझे सासरे खिडकीला नाक लावून बसले होते आणि दर वीस मिनिटांनी म्हणत होते, "एक माणूस दिसत नाही गं इथे!"

एक गफलत आधीच सांगते, कारण ती दोन घरांत झालेली पाहिली आहे. व्हेगासहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बऱ्याच सहली 'ग्रँड कॅनियन वेस्ट'ला जातात. काचेचा स्कायवॉक आहे तो तिथे. ती हुआलापाय या मूळ अमेरिकी जमातीच्या मालकीची जागा आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे, आणि उद्यानाचा पासही तिथे चालत नाही. जागा वाईट नाही. पण कॅलेंडरवर बघितलेली ती अफाट दरी डोळ्यांपुढे ठेवून निघाला असाल, तर साउथ रिमच गाठा.

त्या दरीबद्दल आकडे सांगून काही होत नाही, तरी एक सांगते. काठापासून तळापर्यंत साधारण एक मैल. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून उचलून त्या दरीत उभं केलं, तर त्याचं टोक जेमतेम काठाशी येईल. सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. इथला सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात तरुण थर २७ कोटींचा, आणि तळाचा १७० कोटींच्याही पलीकडचा. काठावरच्या एका फरसबंद वाटेवर हा काळ पायाखाली मांडलाय: एक मीटर चालला की दहा लाख वर्षं. सासऱ्यांनी काठी टेकत टेकत वीस-पंचवीस कोटी वर्षं पार केली आणि मग चहा मागितला.

आणि नावं! एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाला दरीतले सुळके देवळांसारखे दिसले. त्यातून विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं पडली; कृष्णा श्राइन आणि रामा श्राइनही आहेत. विष्णू टेंपल पूर्वेकडच्या जागांवरून छान दिसतं. नकाशावर नाव वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले. शेजारचं जर्मन जोडपं बावरून आमच्याकडे बघत राहिलं.

गुडघ्यांच्या दृष्टीने साउथ रिमसारखी सोय दुसरीकडे पाहिली नाही. काठाची वाट बऱ्याच अंतरापर्यंत सपाट आणि फरसबंद. बस फुकट, ठिकठिकाणी उतरा, बघा, पुढची पकडा. व्हिजिटर सेंटरमध्ये व्हीलचेअर मागता येते. मार्च ते नोव्हेंबर हर्मिट रोडवर खासगी गाड्यांना बंदी असते, पण ज्यांना बसची चढ-उतार जमत नाही त्यांच्यासाठी गाडीचा परवाना मिळतो. तो नक्की मागा, संकोच करू नका. मुलांना तेवढ्याने मजा येत नाही, हेही खरं. आमच्या धाकटीने तिसऱ्या पॉइंटवर जाहीर केलं की "दरी सेम आहे." ती खाली उतरायला आसुसली होती. ब्राइट एंजलच्या वाटेवर थोडं उतरवलं, पण तिथे अडचण अशी की उतरताना आनंद आणि चढताना रडारड. थोरल्याला कड्याच्या अगदी टोकावर जाऊन फोटो हवा होता. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे त्या दोन दिवसांत माझा अर्धा जीव त्याच्या टीशर्टच्या मागच्या टोकाला होता.

पेजला जाताना डेझर्ट व्ह्यूच्या बाजूने जा. वास्तुविशारद मेरी कोल्टर यांनी बांधलेला १९३२ चा दगडी बुरूज तिथेच आहे. पुढे कॅमेरॉन गावाला नावाहो या मूळ अमेरिकी जमातीचा 'नावाहो टाको' मिळतो: तळलेल्या भाकरीवर बीन्स, सॅलड, चीज. मांस नको म्हणून आधीच सांगा. ती तळलेली भाकरी म्हणजे आपल्या भटुऱ्याची थोरली बहीण, आणि आठवड्याभराच्या ब्रेड-बटाट्यानंतर सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं ते तिथे.

पेजमध्ये दोन गोष्टी. हॉर्सशू बेंड, म्हणजे घोड्याच्या नालासारखं वळण घेतलेली कोलोरॅडो नदी, हजार फूट खाली. पार्किंगपासून जाऊन-येऊन दीड मैल, वाट चांगली, पण सावली नावाला. सकाळी लवकर जा. दुसरं अँटेलोप कॅनियन, वाळूच्या दगडातली ती नागमोडी चिरफळी, जिचे फोटो पाहून लोकांना सगळे रंग फोटोशॉपचे वाटतात. ती नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, गाईडशिवाय प्रवेश नाही. 'अप्पर' आणि 'लोअर' असे दोन भाग. वयस्कर माणसं असतील तर अप्पर: जमिनीच्या पातळीवर आत शिरायचं, आत सपाट चालायचं (बाहेर पडायच्या वाटेवर मात्र आता थोडे जिने-चढ आहेत). लोअरमध्ये उभे लोखंडी जिने आहेत, मुलं खूश होतात. आम्ही सहा जणांची दोन गटांत वाटणी केली.

घड्याळाबद्दल मात्र कान टोचून घ्या. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. युटात करतात. आणि ॲरिझोनातच असलेल्या नावाहो प्रदेशातही करतात. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या तीनच्या जीपसाठी आम्ही पेजहून साडेबाराला निघालो. दोन तासांचा रस्ता, म्हणजे अर्धा तास हातात. पोचलो तेव्हा आमच्या गाडीच्या घड्याळात अडीच आणि तिथल्या भिंतीवर साडेतीन. जीप गेली होती, पैसेही गेले होते, आणि चूक सरळसरळ आमची होती. मग तो सतरा मैलांचा कच्चा रस्ता आमच्या मिनीव्हॅननेच केला. आत बसलेल्या प्रत्येकाची हाडं मोजून झाली.

आता युटाची बाजू. ही सहल मुलांची. झायनच्या मुख्य दरीत वर्षातले बरेच महिने स्वतःची गाडी नेता येत नाही, बसनेच जायचं, आणि सकाळी आठनंतर बसच्या रांगेत उभं राहणं हा वेगळाच ट्रेक होतो. शेवटच्या थांब्यावर उतरून नदीकाठची पक्की वाट धरा. जाऊन-येऊन दोन मैलांच्या थोडं वर, चढ जवळपास नाही. त्या वाटेच्या शेवटी नदी हाच रस्ता होतो. तिथून पुढे 'नॅरोज': दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तुम्ही मधोमध पाण्यातून चालताय. ज्यांनी सांदण दरी केली असेल त्यांना ओळख पटेल, फक्त सांदणचं सगळं चार-पाच पट मोठं कल्पा. आमची मुलं अर्धा तास आत गेली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि ओल्या बुटांनी बसमध्ये पचक पचक करत परत आली. त्या अर्ध्या तासाबद्दल घरी अजून बोलणं निघतं. ग्रँड कॅनियनबद्दल निघत नाही. आजी-आजोबा मात्र वाटेच्या शेवटच्या दगडावर बसूनच राहिले असते. एंजल्स लँडिंगसाठी २०२२ पासून सोडतीचा परवाना लागतो, आणि साखळ्या धरून जायची ती कड्यावरची वाट मुलांबरोबर मी करणार नाही.

ब्राइसमध्ये पाण्याने आणि बर्फाने कोरलेले हजारो केशरी सुळके उभे आहेत. सनराइज आणि सनसेट या दोन पॉइंटांमधला अर्धा मैल सपाट, फरसबंद. तेवढ्यावरही वयस्करांचं समाधान होऊ शकतं. मुलांना मात्र क्वीन्स गार्डनवरून उतरवून नवाहो लूपने वर आणा, तीन मैलांच्या आत होतं. एक धोका: ब्राइसचा काठच आठ हजार फुटांवर आहे, पुढे रेनबो पॉइंटला नऊ हजारांच्या वर. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट. म्हणजे तुम्ही गाडीतून उतरता तेच कळसूबाईच्या कितीतरी वर. धाप लागते आणि रात्री थंडी पडते, ऑक्टोबरात आम्ही पहाटे काचेवरचं दंव क्रेडिट कार्डाने खरवडलं. साउथ रिमही सात हजारांवर आहे, पण तिथे चढायची सक्ती नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हा मुद्दा डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा.

महिना कुठला, यावरही पारडं झुकतं. जून-ऑगस्टात झायन आणि पेज भट्टीसारखे तापतात, तेव्हा ब्राइस आणि साउथ रिम बरे. जुलैच्या मध्यापासून तिथेही 'मॉन्सून'च म्हणतात. आपल्यासारखा धो-धो नव्हे, दुपारची वळिवाची सर. पण अरुंद घळीत तेवढंही जीवघेणं ठरतं, कारण पाऊस पडतो कुठेतरी लांब आणि लोंढा येतो तुमच्या डोक्यावर, निळ्या आकाशाखाली. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअर अँटेलोपमध्ये असेच ११ पर्यटक वाहून गेले. लोणावळ्या-ताम्हिणीच्या धबधब्यांवर अचानक पाणी वाढलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको. गाईडने सहल रद्द केली तर वाद घालू नका.

पैशांत फार फरक नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा, २५० डॉलरचा. ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइसमध्ये परदेशी पाहुण्यांवर जादा शुल्कही आलंय, त्यामुळे आई-बाबांच्या प्रवेशाचं उद्यानाच्या संकेतस्थळावर वाचूनच निघा. पेजची सहल थोडी महाग पडते, कारण अँटेलोप, हॉर्सशूचं पार्किंग, मॉन्युमेंट व्हॅली यांतलं काहीच त्या पासात येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर व्हेगासलाच भारतीय दुकानात सामान भरा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लहानसा राइस कुकर. हॉटेलच्या खोलीत फोडणीचा मोह टाळा, स्मोक अलार्मला हिंगाचं कौतुक नसतं.

तर माझं मत. आई-बाबा पहिल्यांदाच येत असतील आणि पुन्हा कधी जमेल सांगता येत नसेल, तर ग्रँड कॅनियन-पेज, तेही मॉन्युमेंट व्हॅली गाळून. परत गेल्यावर सोसायटीच्या बाकावर "ग्रँड कॅनियन बघितलंत का?" हाच प्रश्न येतो, "ब्राइस बघितलंत का?" असं कुणी विचारत नाही. फक्त तुम्ही आणि पाच ते बारा वयाची मुलं असाल, तर बिनदिक्कत युटा. आठ दिवस असतील तर भांडण मिटलंच: झायन ते पेज दोनच तास आहे. अशा वेळी झायन आधी, साउथ रिम शेवटी ठेवा. एकाच सहलीत उलट क्रम ठेवलात, तर आमच्या धाकटीचं "दरी सेम आहे" तुम्हाला झायनमध्येही ऐकावं लागेल.