मुंबईचं सिनेमा म्युझियम की बेंगळुरूचं म्युझिक म्युझियम? नागपूरहून एकच ट्रिप होणार असेल तर

गेल्या महिन्याभरात तिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. रामायण सिनेमाचा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत येऊन राहिला, दुसरा २०२७ च्या दिवाळीत, संगीत ए. आर. रहमान आणि हान्स झिमर दोघांचं मिळून, त्यामुळे घरोघरी सिनेमा-गाण्याचं वारं आहे आणि लोकांना त्याआधी पोरांना घेऊन कुठंतरी जायचंय. सुट्टी एकच, पैसे एकाच ट्रिपचे. मग मुंबईला पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालय करावं की बेंगळुरूला जेपी नगरचं इंडियन म्युझिक एक्सपीरियन्स? दोन्ही २०१९ मध्ये सुरू झाले. मी दोन्ही केलेत, मुंबई एकट्यानं आणि बेंगळुरू भाचीला घेऊन, ती आठवीत आहे आणि तिला गाण्यापेक्षा गाणं कसं बनवतात यात जास्त रस.

मुंबईचं आधी सांगतो कारण ते खरंच भारी आहे. जाणं सोपं, रात्री दुरांतोत झोपलं की सकाळी सीएसएमटी, बेंगळुरूला संघमित्रानं जवळपास अख्खा दिवस जातो. मी गेलो तेव्हा तिकीट फक्त वीस रुपये होतं. गुलशन महल हा एकोणिसाव्या शतकातला बंगला, त्याच्या खोल्या-खोल्यांतून मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा काळ असं करत पुढं जायचं आणि मग बाजूच्या नव्या इमारतीत चार मोठी दालनं, एक गांधीजी आणि सिनेमा, एक खास मुलांसाठी, एक तंत्रावर, एक देशभरातल्या वेगवेगळ्या भाषांतल्या सिनेमांवर. प्रभातच्या काळाबद्दल घरात ऐकलेलं असेल तर त्या जुन्या फोटोंसमोर पाय निघत नाही.

आणि मुंबईत म्युझियमच्या बाहेर पडलं तरी ते संपत नाही. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे चित्रपट ज्या वॉटसन हॉटेलात दाखवले ती इमारत काळाघोड्याला अजून उभी आहे, पार खंगलेली, पण लोखंडी सांगाडा तोच. मी समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभा होतो, सव्वाशे वर्षांपूर्वी याच दारातून लोक हलणारी चित्रं बघायला आत गेले असतील असा विचार करत. तिथून गिरगावात जा, ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र तिथल्याच कोरोनेशन थिएटरला लागला होता. हे सगळं बेंगळुरूत नाही मिळणार.

तरी मन तिकडंच ओढतं, आणि त्याला कारण एकच गोष्ट आहे जी मला मुंबईत सारखी टोचत राहिली. यात म्युझियमचा काहीच दोष नाही हे आधी सांगतो, जगातल्या कुठल्याही सिनेमा म्युझियमचं हेच होणार. सिनेमा तिथं तुकड्यात भेटतो. पडद्यावर एक सीन सुरू होतो, तुम्ही जरा रंगात येता, चेहरा ओळखीचा वाटायला लागतो आणि सीन संपला, पुढचा पडदा. सिनेमाला अंधार लागतो, खुर्ची लागते, अडीच तास लागतात, शेजारी कोणीतरी नाक ओढत रडणारं लागतं. उभ्याउभ्या उजेडात तो पूर्ण भेटूच शकत नाही. दोन-तीन तासांनी माझं असं झालं की खूप काही पाहिलं पण बघितलं काहीच नाही, चाळीस ट्रेलर सलग पाहून घरी आल्यासारखं. कॅमेरे, पोस्टर, प्रोजेक्टर सगळं अस्सल, पण ती त्या गोष्टीभोवतीची सामग्री झाली, ती गोष्ट नाही. आलम आरासमोर तर हे फारच लागलं. १४ मार्च १९३१ ला आलेला आपला पहिला बोलपट, सात गाणी होती त्यात, आणि आज त्याची एकही प्रिंट शिल्लक नाही. राहिले ते फोटो.

गाण्याचं तसं नाही ना. गाणं तीन-चार मिनिटांचं, उभं राहून अख्खं ऐकून होतं. बेंगळुरूत मी हेडफोन लावून उभा राहिलो आणि दर वेळी काहीतरी पूर्ण ऐकूनच पुढं गेलो, त्या म्युझियमची सगळी जादू मला तरी इथंच वाटली. वाद्यांच्या गॅलरीत शंभराच्या वर वाद्यं आहेत. बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई काचेमागं ठेवलीय. मी ती पाहून एकदम गप्प झालो, केवढीशी आहे हो ती, हातभर लाकूड, आणि लहानपणापासून लग्नाच्या हॉलमध्ये, पहाटेच्या रेडिओवर जे ऐकलं ते सगळं यातून निघायचं. भाची काचेजवळ नाक नेऊन भोकं मोजून राहिली होती.

बाहेर साउंड गार्डन आहे, तिथं पोरांना घेऊन गेलात तर दुपार तिथंच संपली समजा. सगळं हात लावून वाजवायचं. एक मोठा दगड आहे, त्यात डोकं जाईल एवढी पोकळी, आत तोंड घालून गुणगुणायचं. भाचीनं आधी नुसता आवाज काढला, काही झालं नाही, मग हळूहळू सूर खाली आणत गेली आणि एका जागी तो दगडच बोलायला लागला, म्हणजे आवाज कानात नाही, छातीत वाजतो. ती डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघायला लागली, पुन्हा आत, पुन्हा तोच सूर शोधला. अनुनाद हा शब्द तिला शाळेत पाठ होता, तो काय असतो ते त्या दगडानं सांगितलं.

रेकॉर्डिंगच्या इतिहासाची गॅलरी बघून आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि मोबाईलवर गौहर जान लावली, भारतात अगदी सुरुवातीला जिचं गाणं तबकडीवर उतरलं ती गायिका. नोव्हेंबर १९०२, कलकत्ता, ग्रामोफोन कंपनीचा माणूस विलायतेहून मशीन घेऊन आलेला, बाईंना तीन मिनिटांत ख्याल बसवायचा, शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं कारण तबकड्या जर्मनीत बनणार आणि तिथं लेबलवर नाव बरोबर यायला पाहिजे. ते नाव आजही स्पष्ट ऐकू येतं. १९३१ चा सिनेमा हरवला आणि १९०२ चा आवाज जेपी नगरच्या बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये वाजत होता. माझं तरी तिथं ठरून गेलं.

आता हेही मान्य करतो की मी सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात आईच्या मांडीवर बसून मैफिली ऐकलेला माणूस, माझा कान आधीपासूनच एका बाजूला झुकलेला असणार. घरात कोणाला कॅमेरा, एडिटिंग, पोस्टर डिझाइनचं वेड असेल तर मुंबईच करा, त्यांना तिथं जे मिळेल ते बेंगळुरूत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तरीही मुंबई बरी, प्रवास कमी आणि जुने चेहरे बघून त्यांच्या गोष्टी सुरू होतात त्या वेगळ्याच. पण दिवाळीतल्या सिनेमासाठी पोरांचा कान तयार करायचा असेल, रहमान-झिमर ऐकताना आत काय वाजतंय ते कळावं असं वाटत असेल, तर मी बेंगळुरू म्हणेन. बीटल्स या इंग्लिश बँडवर दिग्दर्शक सॅम मेंडिस चार वेगवेगळे सिनेमे करतोय, एप्रिल २०२८ ला यायचेत, त्याचीही तयारी यातच होऊन जाते.

आम्ही परत आलो त्या रात्री भाचीनं २०२५ च्या जुलैत आलेली रामायणाची ती पहिली झलक पुन्हा लावली. आधी आम्ही ती दहा वेळा तरी पाहिली असेल, रणबीर कधी दिसतो, यश कधी दिसतो याचीच वाट बघत. या वेळी तिनं फोन उलटा करून उशीवर ठेवला आणि डोळे मिटून ऐकली, संपल्यावर म्हणाली मामा, थांब, आत्ता काहीतरी खाली सतत वाजत होतं, ते परत लाव.

सोमवारी दोन्ही बंद असतात तेवढं बघूनच रिझर्वेशन करा. आणि बेंगळुरूला गेलात तर साउंड गार्डन शेवटी ठेवा, आधी गेलं की पोरं आत यायलाच तयार नसतात.