आधी आठवी सीडी लावा : फ्रेडी मर्क्युरीचा ‘द सोलो कलेक्शन’

माझ्या भाच्याने दिवाळीला येताना लंडनहून हा बॉक्स आणला. दहा सीडी, दोन डीव्हीडी आणि एक पुस्तक. निघाला २००० साली, त्यामुळे आता सेकंडहँडच शोधावा लागतो. विकणाऱ्याने ‘उत्तम स्थितीत’ असं लिहिलं होतं, पण सातव्या सीडीवर ओरखडा निघाला आणि एक गाणं मध्येच अडकतं. जुना बॉक्स घेणार असाल तर प्रत्येक सीडीचा मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या.

मी वाईत गाणं शिकवते, ख्याल आणि नाट्यसंगीत. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत १९५५ साली झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा आठ वर्षांचा पारशी मुलगा आला. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजलेल्या या मुलाला ‘फ्रेडी’ हे नाव इथेच मिळालं आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही त्याने याच शाळेत केला. एवढं मला ठाऊक होतं. आवाज मात्र मी क्वीन या त्याच्या ब्रिटिश रॉक बँडच्या चार-पाच गाण्यांपुरताच ऐकला होता.

गाजलेली गाणी सगळी आहेत. १९८५चा ‘मिस्टर बॅड गाय’, १९८८चा मोन्सेरात काबाये या सोप्रानोबरोबरचा (सोप्रानो म्हणजे ऑपेरातली सर्वात उंच पट्टीची गायिका) ‘बार्सिलोना’, असे दोन्ही अल्बम पूर्ण आहेत. सिंगल्सच्या दोन सीडी वेगळ्या. त्यात १९७३ साली ‘लॅरी ल्यूरेक्स’ या टोपणनावाने गायलेली दोन गाणीही सापडतात. ‘द ग्रेट प्रिटेंडर’ मूळचं प्लॅटर्स या अमेरिकी गायकगटाचं, पण यातली शेवटाकडची चढती फेक ऐकल्यावर मला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी नको वाटतं. एकच गाणं तीन-चार रूपांत पुन्हापुन्हा येतं, हे मात्र जड होतं. १९९३ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चं नाचाचं रूप मला आवडलं नाही. त्या ठोक्याखाली शब्दांमधला एकटेपणा दबून जातो, १९८५च्या मूळ गाण्यात तो नीट ऐकू येतो. नुसत्या वाद्यांची एक सीडी आहे, ती एकदा लावली, पुरे झाली.

या बॉक्सचं खरं धन सात, आठ आणि नऊ क्रमांकांच्या सीडींवर आहे. बहुतेक तोवर प्रसिद्ध न झालेली ध्वनिमुद्रणं: कच्चे आराखडे, अर्धी कडवी, शब्द सुचले नाहीत तिथे नुसते आलाप.

त्यातही आठवी सीडी. ‘एक्सरसाइझेस इन फ्री लव्ह’ हे गाणं फ्रेडीने शब्दांशिवाय, खोट्या आवाजात (फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वरच्या बारीक आवाजात) गायलंय. काबायेबाईंना ते इतकं भावलं की त्यांनी स्वतः ते मैफलीत गायलं आणि पुढे स्पॅनिश शब्द घालून त्याचं ‘एन्सुएन्यो’ केलं. इथे तीच चाल आधी त्याच्या गळ्यातून येते, मग बाईंच्या. फ्रेडीचा वरचा सूर बारीक, किंचित थरथरता. बाईंचा तोच सूर भरलेला, गोल. एका चालीचे दोन गळे असे शेजारी ठेवून ऐकायला मिळणं म्हणजे माझ्यासारखीला आठवडाभराचा अभ्यास.

मग ‘बार्सिलोना’. १९८७च्या एप्रिलमधलं पहिलं रूप आहे, फ्रेडीचा डेमो आहे आणि साथ काढून टाकून दोघांच्या गळ्यांचे सुटे तुकडेही दिलेत. साथ नसली की श्वास ऐकू येतो. ओळ कुठे तोडली, दम कुठे राखून ठेवला, सगळं उघडं पडतं. त्याच अल्बममधल्या ‘द फॉलन प्रीस्ट’चं कच्चं रूप ‘रॅखमॅनिनॉव्ह्ज रिव्हेंज’ या नावाने आहे. त्यात बाईंच्या वाट्याच्या जागाही फ्रेडी स्वतःच खोट्या आवाजात गाऊन दाखवतो, पुढे त्यांनी कशा घ्यायच्या ते कळावं म्हणून. ऑपेराची तालीम न घेतलेला माणूस जगातल्या एका थोर सोप्रानोसाठी जागा आखून ठेवतोय, आणि अदबीने ठेवतोय. लंडनमधल्या त्याच्या घरच्या, गार्डन लॉजमधल्या टेपचा एक तुकडाही याच सीडीवर आहे. बंदिश बसवताना आम्ही पेटीवर जे करतो तेच इथे चाललंय.

दहाव्या सीडीवर डेव्हिड विग या पत्रकाराने घेतलेल्या मुलाखती आहेत. एकदा जरूर ऐका, बोलण्याचा आवाज किती मऊ होता ते कळतं.

सगळा बॉक्स परवडत नसेल, किंवा फक्त गाजलेली गाणी हवी असतील, तर २०१९चा ‘नेव्हर बोअरिंग’ हा बारा गाण्यांचा संग्रह घ्या. त्यात ‘टाइम वेट्स फॉर नो वन’ आहे, १९८६ साली गायलेलं. मूळ गाण्यावरचा सगळा थर काढून तिथे फक्त त्याचा आवाज आणि माइक मोरान यांचा पियानो ठेवलाय. सुंदर आहे. पण गाणं घडताना ऐकायचं असेल तर हा बॉक्सच हवा.

माझ्या वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा येतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा आवाज फुटला, तेव्हापासून वरच्या षड्जाकडे जाताना मान खाली घालून थांबायचा. परवा त्याला ‘रॅखमॅनिनॉव्ह्ज रिव्हेंज’ ऐकवलं. बाईची जागा पुरुषाच्या गळ्यातून येते तो तुकडा त्याने तीनदा मागे नेऊन ऐकला. मग तंबोरा जवळ ओढून, हलक्या आवाजात, वरचा सा लावून पाहिला.